घरबसल्या लेखणीची कमाई

"बी. ए. होऊन पुढे काय?" हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला घरीदारी ऐकावा लागतो. ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी पूर्वी कोणी चढलेच नाही, त्यांना तर तो जरा जास्तच ऐकावा लागतो. मीही त्यांतलीच एक. आपला ना कोणी मामा प्रकाशक, ना काका संपादक. तरीही भाषेच्या विद्यार्थ्याला शिकता शिकता घरून करता येईल असे एक काम आहे. ते म्हणजे मुद्रितशोधन.

छापण्यापूर्वी मजकूर वाचून त्यातील चुका दुरुस्त करणे म्हणजे मुद्रितशोधन. पूर्वी त्यासाठी छापखान्यात जाऊन बसावे लागे. आता मजकूर ई-मेलने येतो आणि दुरुस्त होऊन तसाच परत जातो. पुण्याच्या प्रकाशकाचे काम खेड्यात राहूनही करता येते.

काम वाटते तितके सोपे मात्र नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने मान्य केले. १९७२ साली भर पडून ते १८ झाले. हे नियम मुखोद्गत हवेत. 'कवी' एकटा असला की त्याची वेलांटी दीर्घ. तोच 'कविसंमेलना'त गेला की ऱ्हस्व! 'शिक्षक दिना'चा 'शिक्षक दीन' झाला, तर संगणक सहसा तक्रार करीत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. तेथे जाणता वाचकच लागतो. याखेरीज युनिकोडमध्ये टंकलेखन आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती लेखकाला दिसेल अशी नोंदवण्याची संगणकावरील सोय, एवढे शिकून घ्यावे.

आता काम शोधायचे कोठे? आपल्या ग्रंथालयातच! पुस्तकाच्या आरंभीच्या पानांत प्रकाशकाचा पत्ता असतो. कधी मुद्रितशोधकाचे नावही असते. अशा दहा-बारा प्रकाशकांना थोडक्यात पत्र लिहावे. सोबत एका पानाचा नमुना जोडावा : मूळ मजकूर आणि आपण केलेल्या दुरुस्त्या. ओळख नसलेल्याची ओळख हा नमुनाच करून देतो. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आजही चालू आहे. दिवाळीपूर्वी काही महिने या अंकांची लगबग असते. म्हणून पत्रे उन्हाळ्यातच धाडावीत.

दर बहुधा पानावर ठरतो. आधी घड्याळ लावून आपला वेग पाहावा. समजा, तासाला सहा पाने होतात आणि पानाला दहा रुपये मिळतात, तर तासाचे साठ रुपये झाले. ते परवडतात का, हे होकार देण्यापूर्वी ठरवावे. पाने, दर, मुदत आणि पैसे देण्याची तारीख ई-मेलवर लिहून घ्यावी. चाचणी म्हणून एखादे पान फुकट तपासावे. अख्खे प्रकरण नव्हे.

एक धोक्याची सूचना. काम देण्यासाठी 'नोंदणी शुल्क' किंवा चुकांचा 'दंड' मागणाऱ्यांपासून दूर राहावे. काम देणाऱ्याने पैसे द्यायचे असतात, घ्यायचे नसतात. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

या कामात कोणी लक्षाधीश होणार नाही. परंतु परीक्षेचे शुल्क स्वतःच्या कमाईतून भरता आले, तर "पुढे काय?" या प्रश्नाचे निदान पहिले उत्तर तरी घरी देता येईल.