टी-शर्टवरची शाई, मृदंगावरची शाई

आजचा भाग तुमच्या कपाटातल्या काळ्या टी-शर्टबद्दल आहे. एक तरी असेलच. लाल ओठांतून बाहेर आलेली जीभ, नाहीतर त्रिकोणी लोलकातून निघालेले रंगाचे पट्टे, नाहीतर एकाखाली एक रचलेल्या पांढऱ्या रेघांचे डोंगर. व्हिडिओत मी हे कपडे हातात धरून दाखवले होते. पुस्तकात तुम्हाला माझ्या वर्णनावर भागवावं लागेल.

मी मूळची मिरजेची. गेली नऊ वर्षं चेन्नईत, नुंगंबाक्कमला राहते. खादर नवाज खान रोडच्या मागे एका जुन्या घराच्या गच्चीवर खोली आहे, तिथे आमचं टी-शर्ट छपाईचं काम चालतं. आम्ही दोघी आहोत, मी आणि माझी तमिळ भागीदार. कोरे टी-शर्ट तिरुप्पूरहून येतात, छपाई आम्ही हाताने करतो. रस्त्यावर महागडी दुकानं, जवळच लॉयोला कॉलेजची मुलं, आणि लोकलचं पुढचं स्टेशन कोडंबाक्कम, म्हणजे सिनेमावाल्यांचा मुलूख. इथे टी-शर्ट विकायचे तर गाण्यापासून लांब राहता येत नाही.

आधी त्या तीन प्रसिद्ध चित्रांकडे बघू, कारण आमचा सगळा घोटाळा आणि त्यातून काढलेली वाट त्यांच्यातच आहे.

जीभ रोलिंग स्टोन्सची. १९७० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या जॉन पाश या मुलाने ती काढली, मेहनताना पन्नास पौंड. मिक जॅगरने त्याला नमुना म्हणून काय दाखवलं? कालीमातेचं चित्र. म्हणजे आपल्याकडे वाण्याच्या दुकानात भिंतीवर असतं तसलं देवीचं चित्र तिकडे गेलं, त्यातली जीभ वेगळी झाली आणि टी-शर्टवर बसून आपल्याकडे परत आली. मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने विकत घेतलं.

लोलक पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या अल्बमचा. शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ म्हणत त्याचे पट्टे मोजून बघा. सहाच निघतील. पारवा गाळलाय. मला हे चित्र आवडतं, पण छापणारी म्हणून घाम फुटतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते. लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर ताणलेली बारीक जाळी. जिथे शाई जायला हवी तेवढीच भोकं उघडी ठेवायची, बाकीची बुजवायची, मग रबरी पट्टीने शाई ओढायची. सहा रंग आणि एक पांढरा म्हणजे निदान सात फ्रेम झाल्या. शिवाय काळ्या कापडावर पिवळा थेट मारला तर शेवाळी दिसतो, म्हणून रंगांच्या खाली आधी पांढरा थर. सातही फ्रेम एकमेकींवर अचूक बसल्या पाहिजेत. केसभर सरकलं की पट्ट्यांच्या कडा घाण होतात.

तिसरं चित्र जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या बँडचं, १९७९ चं. पुष्कळ जण ते डोंगर किंवा ध्वनिलहरी समजतात. प्रत्यक्षात तो एका ताऱ्याचा आलेख आहे. जोसेलिन बेल या केंब्रिजच्या विद्यार्थिनीला १९६७ मध्ये आकाशातून ठरावीक ठेक्याने येणारे रेडिओ ठोके सापडले, दर १.३३ सेकंदांनी एक. तो पहिला सापडलेला पल्सार. त्याचे ठोके एकाखाली एक मांडलेला आलेख हॅरॉल्ड क्राफ्टने १९७० च्या आपल्या प्रबंधात छापला. पुढे तो खगोलशास्त्राच्या एका कोशात गेला, कोशातून बँडच्या हाती पडला आणि पीटर सॅव्हिलने त्याची उलटापालट करून काळ्यावर पांढरा केला. मुखपृष्ठावर बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही. एक रंग, एक फ्रेम.

तीनही चित्रांत गाणाऱ्याचा चेहरा नाही, हे मला फार उशिरा दिसलं. दिसलं असतं तर पुढची चूक झाली नसती.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही इथल्या एका लाडक्या संगीतकाराचा चेहरा छापला. नाव घेत नाही. इंटरनेटवरचा फोटो घेतला, बारीक ठिपक्यांत मोडला, चार फ्रेम केल्या, काळ्या कापडावर एकशे वीस नग काढले. झकास दिसत होते. विक्रीला लावायच्या आदल्या दिवशी भागीदारीणीची वकील बहीण जेवायला आली. तिने एक शर्ट उलगडून बघितला आणि विचारलं, “परवानगीचं पत्र कुठे आहे?”

तिने सांगितलेलं थोडक्यात सांगते, कारण हे काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकायला हवं. अशा शर्टवर दोन मालक बसलेले असतात. फोटोचा हक्क छायाचित्रकाराचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा. तो ठिपक्यांत मोडला म्हणून आपला होत नाही. आणि चेहरा ज्याचा आहे त्याचा. प्रसिद्ध माणसाच्या नावावर, चेहऱ्यावर, आवाजावर दुसऱ्याने धंदा करू नये, हे आपली न्यायालयं वेळोवेळी सांगत आली आहेत. २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रजनीकांतच्या बाजूने असा निकाल दिला. खटल्यात त्यांचं नाव शिवाजी राव गायकवाड असंच आहे, आपल्या माणसांना बरं वाटावं म्हणून सांगितलं. २०२४ मध्ये अरिजित सिंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये आशा भोसले. आशाताईंच्या प्रकरणात मुख्य तक्रार यंत्राने केलेल्या आवाजाच्या नकलेची होती, पण त्यांचं चित्र असलेले कपडे विकण्याचा मुद्दाही त्यात होता. न्यायालयाने दोघांनाही अंतरिम संरक्षण दिलं.

“पण आम्ही प्रेमाने केलंय,” मी म्हणाले. ती म्हणाली, “प्रेमाने केलंय तर फुकट वाट.”

साधारण तेहेतीस हजार रुपये त्या गठ्ठ्यात अडकले होते. आम्हाला ती रक्कम लहान नव्हती. भागीदारीण आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही, कारण परवानगी मागायला कोणाकडे जायचं हे आम्हाला माहीत नव्हतं आणि “थांबू या” मी म्हटलं होतं. तिचं म्हणणं असं, की या शहरात चेहरा हेच सगळं आहे. इथे नटांचे तीन मजली कटआउट उभे राहतात, रिक्षाच्या पाठीवर चेहरे असतात. चेहऱ्याशिवायचा शर्ट कोण घेणार? तिचं हे म्हणणं आजही खोटं ठरलेलं नाही.

मी मात्र पल्सारवर अडून बसले. एखाद्या वाद्याचा तसा आलेख असेल का? आणि तो सापडला, तोही चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेला हा माणूस, प्रकाशाच्या कामासाठी नोबेल मिळालेला. पण मृदंग आणि तबला यांच्यावर त्यांनी १९२० पासून लिहिलंय, आणि १९३४ चा त्यांचा लेख तर चित्रांसाठीच बघावा असा आहे.

मुद्दा असा. साध्या ढोलाचं कातडं वाजवलं की मूळ स्वराबरोबर वरचे स्वर निघतात, पण ते मुळाच्या दीडपट-पावणेदोनपट, सव्वादोनपट असे कसेही असतात. म्हणून ढोलाचा ठोका गोंगाटासारखा ऐकू येतो, त्याला नेमका सूर नसतो. मृदंगाच्या उजव्या तोंडावर मधोमध काळा जाड लेप असतो, तबल्यावर असतो तसाच. आपण त्याला शाई म्हणतो, इथे सोरु किंवा करणै म्हणतात. त्या लेपाच्या वजनाने कातड्याची चाल बदलते आणि वरचे स्वर जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे रांगेत येतात, तारेच्या वाद्यासारखे. म्हणून मृदंग सुरात लावता येतो.

रामन यांनी कातड्यावर बारीक वाळू भुरभुरवली आणि वेगवेगळ्या जागी बोट टेकवून ठोके दिले. कातडं जिथे हलत नाही तिथे वाळू गोळा होते आणि रेघा दिसतात. अशा नऊ आकृत्या मिळतात आणि त्या पाच स्वरांत वाटल्या जातात. मूळ स्वर: रिकामं वर्तुळ. दुसरा: मधून एक आडवी रेघ. तिसरा दोन प्रकारे निघतो: दोन छेदणाऱ्या रेघा, नाहीतर आत एक कडं. चौथाही दोन प्रकारे: तीन रेघा, नाहीतर एक रेघ आणि कडं. पाचवा तीन प्रकारे: चार रेघा, दोन रेघा आणि कडं, किंवा नुसती दोन कडी. एकाखाली एक मांडा: एक, एक, दोन, दोन, तीन. टी-शर्टवर आपोआप उतरता त्रिकोण तयार होतो. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांच्या दुकानांपुढून शाळेत जाणारी मी, तबल्याची शाई शेकडो वेळा पाहिलेली, पण ती तिथे कशासाठी असते ते मला चेन्नईच्या गच्चीवर कळलं.

आणि हक्काचा प्रश्न? रामन यांचे फोटो आम्ही वापरले नाहीत. कातडं कुठे हलत नाही हा निसर्गाचा नियम आहे, तो कोणाच्या मालकीचा नाही. आकृत्या आम्ही स्वतः नव्याने काढल्या.

काळ्या कापडावर पांढऱ्या रेघा, एक फ्रेम, थेट पल्सारची चाल. नमुना घेऊन मी मैलापूरला एका मृदंग बनवणाऱ्या अण्णांकडे गेले. घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. त्यांनी हातातलं वादीचं काम न सोडता शर्टाकडे पाहिलं. मी रामन, वाळू, पाच स्वर असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “सोरु एंगे, अम्मा?” शाई कुठे आहे?

काळ्या कापडावर नुसती बाह्यरेघ काढल्यामुळे ज्या लेपामुळे हे सगळं घडतं तोच चित्रात नव्हता. रामन यांच्या आकृत्या होत्या, अण्णांचं काम नव्हतं. तांदळाचा भात आणि खास दगडाची पूड मळून, एकेक पातळ थर घासून वाळवत तो लेप चढतो, हे मी त्यांच्या पायाशी बसून बघत होते आणि मला सुचलं नव्हतं.

मग उलटं केलं. पहिला विचार असा आला, की कातडं पांढरं छापावं आणि मधला गोल कोरा सोडावा, म्हणजे काळं कापडच शाई होईल. दिसायला सुंदर, घालायला नको. आम्ही काळ्यावर वापरतो ती प्लॅस्टिसॉल शाई साधारण १६० अंशांना भाजावी लागते आणि कापडावर प्लॅस्टिकचा पापुद्रा धरते. त्यातून हवा जात नाही. नऊ मोठे पांढरे गोल छातीवर घेऊन मे महिन्यात नुंगंबाक्कम स्टेशनापासून गच्चीपर्यंत चालत या, मग बोला. म्हणून कापडच बदललं. सायीच्या रंगाचं, १८० जीएसएमचं सुती, त्यावर पाण्याची काळी शाई. ही शाई धाग्यात मुरते, हाताला लागत नाही, खाली पांढरा थर नको. आता मधला ठिपका काळा भरीव, वाळूच्या रेघा ठिपक्यात कोऱ्या सोडलेल्या आणि ठिपक्याबाहेर काळ्या. अजूनही एकच फ्रेम.

एक अडचण आली. पाण्याची शाई सुतात पसरते, त्यामुळे ठिपक्यातल्या कोऱ्या रेघा पहिल्या नमुन्यात बुजून गेल्या. संगणकावर त्या जवळजवळ दुप्पट जाड केल्या तेव्हा छापल्यावर बाहेरच्या रेघांएवढ्या दिसल्या. तुम्ही करून बघणार असाल तर कागदावरच्या प्रतीवर विसंबू नका, त्याच कापडावर नमुना काढा आणि एकदा धुवून बघा.

डिसेंबरात, मार्गळीच्या संगीत-हंगामात, शंभर नग काढले. सभांच्या उपाहारगृहाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या लोकांना दाखवले. शंभरांतले अडुसष्ट गेले, त्यातले बरेच मृदंग शिकणाऱ्या मुलांनी घेतले. एका आजोबांनी पंधरा मिनिटं माझी परीक्षा घेतली आणि काहीच घेतलं नाही. चेहऱ्याचे एकशे वीस असते तर दोन दिवसांत संपले असते, असं भागीदारीण हिशेब लिहिताना म्हणालीच. अण्णांना दोन शर्ट द्यायला गेले. त्यांनी चित्र नखाने खरवडून पाहिलं, रंग निघत नाही म्हटल्यावर मान हलवली, आणि धाकट्या मुलासाठी एक लहान मापाचा मागितला.

ते एकशे वीस अजून खोलीत आहेत. उलटे करून आतल्या बाजूवर आम्ही नव्या फ्रेमची चाचणी छापतो. साठेक संपलेत.

शर्ट धुताना उलटा करा, कडक उन्हात वाळवू नका. काळ्या कापडाचा रंग उडवून छापायची डिस्चार्ज पद्धत पुढच्या भागात दाखवते. तिला वास फार येतो, म्हणून तो भाग गच्चीवरच चित्रित केलाय.