जीपचं खरं वय कसं ओळखाल?
आरसी बुकातलं साल हेच जीपचं जन्मसाल, असं धरून चालू नका. महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या कितीतरी जीपची नोंदणी पुढे बऱ्याच वर्षांनी झाली. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावरच्या पट्टीवर तारीख असते, पण ती गाडी लष्कराच्या ताब्यात दिल्याची. शिवाय अशा पट्ट्या आज नव्या करून मिळतात.

खरा भरवसा चॅसीचा. ‘विलीज एमबी’त पुढच्या बंपरमागे, डाव्या चॅसीच्या आतल्या अंगाला क्रमांकाची छोटी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. ‘फोर्ड जीपीडब्ल्यू’त क्रमांक डाव्या चॅसीच्या माथ्यावर थेट ठोकलेला असतो. रंगाचे थर हलक्या हाताने काढा, ग्राइंडर मुळीच लावू नका. अंक घासला गेला की पुरावाच गेला. रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चॅसी विलीजची, उलट्या ‘यू’ आकाराचा असेल तर फोर्डची. पुढची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली असेल, तर विलीज १९४१ची अखेर ते १९४२ची सुरुवात या काळातली. इंजिनावर मात्र विसंबू नका, ते बहुधा बदललेलं असतं.

आणि जुनं आरसी बुक टाकू नका. २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी लागणारी ५० वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात.