ध्वनिमुद्रणांची देवघेव आणि गायकाचे नाव : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

संगीताची आवड एकट्याने जोपासता येते. तिचा विस्तार मात्र देवघेवीतूनच होतो. एखादा दर्दी 'हे अवश्य ऐका' असे म्हणून तबकडी, ध्वनिफीत, मेमरी कार्ड किंवा इंटरनेटवरून उतरवून घेतलेली धारिका दुसऱ्याच्या हाती ठेवतो आणि त्या शिफारशीतून रसिकांचे एक अनौपचारिक मंडळ आकाराला येते. या देवघेवीचा विचार बहुधा स्वामित्वहक्काच्या अंगाने, म्हणजे ही चोरी आहे की नाही अशा स्वरूपात केला जातो. तो प्रश्न गौण नाही. तथापि या व्यवहारात आणखी एक हानी घडते आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. गाणे हातोहात पुढे जाते, परंतु ते कोणी गायिले, कोठे आणि केव्हा, ही माहिती वाटेत गळून पडते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या लोकगीतांनी समृद्ध प्रदेशात या हानीचे स्वरूप काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मौखिक परंपरेने हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. संतकवींची नाममुद्रा अभंगाच्या अखेरच्या चरणात येते. या जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. त्यांचे अभंग कोणत्याही फडात, कोणत्याही चालीवर गायिले गेले तरी रचनाकाराचे नाव गाण्याबरोबरच प्रवास करते. ते वेगळे लिहून ठेवावे लागत नाही. गायकाच्या नावाची सोय अशी नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळ घालणारा गोंधळी यजमानाच्या अंगणात प्रत्यक्ष उभा असे. परडी आणि कवड्यांची माळ धारण करून तुळजाभवानीची गाणी म्हणणारे आराधी गावाच्या ओळखीचे असत. गाणे आणि गाणारा यांची ताटातूट शक्य नव्हती. ती प्रथम शक्य केली ध्वनिमुद्रणाने.

भारतातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्गने १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात केली. गौहरजान यांच्या त्या काळच्या तबकड्यांत गाणे संपताच त्यांनी स्वतःचे नाव उच्चारलेले ऐकू येते. पुढे रसिकांना हा नखरा वाटला, पण त्यामागील कारण व्यावहारिक होते. मुद्रणे तबकड्या घडविण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथील कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापावयाचे, हे त्या उच्चारावरून कळे. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदह येथे कारखाना निघाला, कागदी लेबलाची पद्धत रुळली आणि बोलून नाव सांगण्याची प्रथा मावळली. नाव आता आवाजातून निघून कागदावर आले होते.

त्या कागदाचे मोल ओळखले ते संग्राहकांनी. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण आहे. डॉ. सुरेश चांदवणकर हे व्यवसायाने पदार्थवैज्ञानिक. त्यांनी सचिव या नात्याने या संस्थेचे कार्य दीर्घकाळ सांभाळले. धाराशिव जिल्ह्याला लागून असलेल्या सोलापूरला आणि मराठवाड्यातच नांदेडला संस्थेच्या शाखा निघाल्या, ही गोष्ट येथील वाचकाला विशेष वाटावी. संस्थेच्या श्रवणसत्रांत सदस्य आपापल्या संग्रहातील तबकड्या आणून ऐकवीत. 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या नियतकालिकात गायकांवरील टिपणे आणि तबकड्यांच्या सूच्या प्रसिद्ध झाल्या. पुढे त्याचे अंक इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आले. अशा सूचीत गायकाचे नाव, राग, कंपनी आणि तबकडीचा क्रमांक यांच्याबरोबर लेबलाजवळ कोरलेला मातृकाक्रमांकही येतो. त्यावरून मुद्रणसत्राचा काळ ठरविता येतो. ज्याला इतर लोक छांदिष्टपणा म्हणतात तो वस्तुतः पुराव्याची जपणूक असतो. १९९४ मध्ये मायकेल किनियर यांचा १८९९ ते १९०८ या काळातील ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या भारतीय मुद्रणांवरील सूचिग्रंथ मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. सूचीचे काम किती कष्टाचे असते याची कल्पना तो ग्रंथ चाळला तरी येते.

१९८० नंतरच्या दशकात ध्वनिफितीने हे चित्र पालटले. ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि लहानमोठ्या कंपन्यांनी प्रादेशिक गाणी बाजारात आणली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात हे स्थित्यंतर तपशिलाने मांडले आहे. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला येणारा भाविक कुंकू, बांगड्या आणि प्रसादाबरोबर देवीच्या गाण्यांची फीतही घरी नेऊ लागला. लोकगायकाला प्रथमच तालुक्याबाहेरचा श्रोता मिळाला, हा लाभ मोठाच म्हणावा लागेल. मात्र फितीवरून फीत उतरविताना आवाज तेवढा उतरे, वेष्टनावरचा मजकूर मूळ मालकाकडेच राही. नव्या फितीच्या पट्टीवर बॉलपेनने 'देवीची गाणी' एवढेच लिहिले जाई.

त्यानंतर आलेल्या एमपीथ्री धारिकेत नावाची सोय मुद्दाम केलेली होती. १९९६ च्या 'आयडीथ्री' पद्धतीत धारिकेच्या शेवटी १२८ बाइटांची जागा राखून ठेवलेली असे. त्यांत गीताचे नाव, गायक आणि संच यांना प्रत्येकी ३० बाइट दिलेले होते. ही मर्यादा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखलेली होती. देवनागरीचे एक वर्णचिन्ह यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने साठविण्यास ३ बाइट लागतात. काना, वेलांटी आणि उकारही वेगळे मोजले जातात. या हिशेबाने 'तुळजाभवानी' हा एकच शब्द ३० बाइटांचा रकाना काठोकाठ भरतो! १९९८ च्या सुधारित पद्धतीत युनिकोड आले, पण तोपर्यंत मराठी नावे रोमन लिपीत आणि ज्याला जसे सुचेल तशा वर्णरचनेने लिहिण्याची सवय पडून गेली होती. एकाच गायिकेची नावे चार प्रकारे लिहिली गेली, की संगणकाच्या शोधात ती चार निरनिराळ्या व्यक्ती ठरतात.

पुढील काही वर्षांत तालुक्याच्या गावांतील मोबाइलच्या दुकानांतून थोड्या पैशांत मेमरी कार्डात शेकडो गाणी 'भरून' मिळू लागली. येथे शिफारस करणारा रसिक नव्हता. होता तो दुकानदार आणि 'भक्तिगीते', 'लोकगीते', 'लावणी' अशी त्याची कप्पेबंदी. गायकाच्या रकान्यात पुष्कळदा गाणे जेथून उतरविले त्या संकेतस्थळाचे नाव असे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावर कार्ड भरण्याची गरज ओसरली. मात्र व्हॉट्सॲपवर पुढे ढकलल्या जाणाऱ्या ध्वनिखंडांत नावाचा मागमूस क्वचितच असतो.

कायद्याची भूमिका या बाबतीत उद्बोधक आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत वेगळा चालतो. म्हणून जुनी तबकडी मुक्त झाली तरी तिच्यावरील गीत मुक्त झालेलेच असेल असे नाही. पारंपरिक गोंधळगीताच्या शब्दांवर कोणाचीच मालकी नसते, परंतु त्याच्या मुद्रणावर निर्मात्याचा आणि सादरीकरणावर गायकाचा हक्क असतो. हा बारकावा लोकगीतांच्या देवघेवीत हमखास विसरला जातो. खाजगी उपयोगासाठी आणि संशोधनासाठी उचित प्रमाणात केलेल्या वापराला अधिनियम सवलत देतो. पैसे घेऊन कार्ड भरून देणाऱ्याला तिचा आधार घेता येत नाही. १९८४ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ५२-अ नुसार प्रत्येक मुद्रणावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव आणि पत्ता तसेच प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे बंधनकारक आहे. या यादीत गायकाचे नाव मात्र नाही. सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा गायकाचा नैतिक अधिकार कलम ३८-ब अन्वये २०१२ च्या दुरुस्तीने मान्य झाला, म्हणजे गौहरजान यांच्या त्या उच्चारानंतर तब्बल ११० वर्षांनी.

नाव जपून ठेवणे लोकगीतांच्या बाबतीत अशक्य आहे, असा आक्षेप घेतला जातो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्यातून उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाने तो निराधार ठरविला आहे. हजाराहून अधिक गावांतून गोळा झालेल्या लाखावर ओव्यांचा हा संग्रह ओवी म्हणणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव यांसह नोंदलेला आहे. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्यातील ओव्या वाचता व ऐकता येतात. जी रचना सर्वांचीच म्हणून कोणाचीच नाही असे मानले जाई, तिलाही सांगणारीचे नाव जोडता आले.

धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हे उदाहरण अनुकरणीय आहे. मराठी विभागांतील विद्यार्थी लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आपल्याच गावातील आराधी मेळ्यांची, येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेतील किंवा कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांची गाणी भ्रमणध्वनीवर मुद्रित करू शकतात. अडचण मुद्रणाची उरलेली नाही. मुद्रित गाणे प्रथम मित्रांच्या गटावर जाते आणि प्रकल्पाच्या वहीत येईपर्यंत अनामिक झालेले असते. यावर उपाय साधा आहे. मुद्रण सुरू होताच विद्यार्थ्याने तारीख, गाव व प्रसंग मोठ्याने सांगावा आणि गाणारीने आपले नाव स्वतःच्या आवाजात उच्चारावे. असे केल्यास धारिकेचे नाव कोणी बदलले, रकाने कोरे राहिले, तरी ओळख आवाजातच राहते. गाणे इतरांना देण्यास तिची संमती आहे काय, हेही त्याच वेळी विचारून मुद्रित करावे. नाव कसे सांगावयाचे, म्हणजे माहेरचे की सासरचे, गावासह की मेळ्याच्या नावाने, हे ठरविण्याचा अधिकार मात्र तिचाच असावा. विद्यार्थ्याने ते हजेरीपटातल्यासारखे दुरुस्त करू नये.