दहा पोरांत एक बॉल

कोनमधून बॉल काढताना तो बारा वर्षांचा मुलगा देखणा दिसतो. डावा पाय, उजवा पाय, एकाही कोनला धक्का नाही. मॅच सुरू झाली की मात्र अंगावर आलेल्या पहिल्याच पोराच्या पायात बॉल देऊन मोकळा. कोल्हापूरच्या मैदानावर कठड्यावर बसलेले जुने खेळाडू करवादतात, ‘डोकं वर काढत नाही लेकाचा!’

काढेल कशाला? कोन काही अंगावर येत नाहीत.

२०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावानंच इथले संघ उतरतात, आणि शिकवणंही बरंचसं वस्तादी वळणाचं: दाखवायचं, गिरवून घ्यायचं. मस्का मॉस्टन यांनी १९६६ मध्ये शारीरिक शिक्षणातल्या अध्यापनशैली मांडल्या, त्यांचं एक टोक हेच. सगळे निर्णय शिक्षकाचे. दुसऱ्या टोकाकडे जावं तसे ते विद्यार्थ्याच्या हाती येतात.

इथल्या तिशीतल्या प्रशिक्षकाला मॉस्टनपेक्षा हिशेब जवळचा. ‘दहा पोरांत एक बॉल. म्हणजे नऊ जण नुसते उभे.’ म्हणून त्यानं रांग मोडली. छोटं मैदान, तीनास तीन, दोन्ही टोकांना दोन-दोन छोटे गोल. हॉर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाचा हा खेळ. जर्मनीत २०२४-२५ पासून लहानग्यांसाठी असेच छोटे सामने सक्तीचे झाले. एक गोल अडवला की दुसरा मोकळा पडतो, तो दिसायला मान वर करावीच लागते.

बॉल गेला. शिट्टी. ‘कुठला गोल मोकळा होता?’ कोनवाला मुलगा गप्प, मग डावीकडे बोट. पुढच्या खेपेला त्यानं तळव्याखाली बॉल दाबून धरला, उजवीकडे खांदा झुकवला आणि डावीकडच्या जोडीदाराला पास दिला. हे कुणी दाखवलेलं नव्हतं.

कठड्यावरचं म्हणणं तरीही उरतंच: आधी पाय बसू दे. ते सगळं खोटं नाही. स्लायडिंग टॅकल पोरांवर सोपवून शिकवता येत नाही, पाय मोडेल. पण ‘आधी’ म्हणता म्हणता वर्षं जातात, आणि दहा पोरांत एकच बॉल राहतो.

पालकांना मात्र हा नुसता गोंगाट वाटतो. ‘सर, प्रॅक्टिस कधी घेणार?’ ते विचारतात. म्हणून शेवटची दहा मिनिटं, मुलांना न्यायला गाड्या येऊ लागल्या की, तो पुन्हा कोन मांडतो.