धूळ झाडणाऱ्या ट्रकमधले तेल

रस्ता झाडणाऱ्या ट्रकमध्ये कचरा आत ओढला जातो तो पंख्याच्या हवेने. हायड्रॉलिकचा त्या ओढीशी सहसा थेट संबंध नसतो. मात्र ब्रश फिरवणे, ते रस्त्यावर टेकवणे आणि उचलणे, कचऱ्याची टाकी भरली की ती उलटी करणे, तिचे मागचे दार उघडणे, ही सगळी कामे दाबाखालचे तेल करते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात विदर्भातील अकोला, अमरावती, नागपूर आणि चंद्रपूर ही शहरे आहेत. रस्त्यावरची धूळ हे तिथल्या प्रदूषणाचे एक कारण मानले गेल्यामुळे अशा ट्रकने होणाऱ्या यांत्रिक सफाईला महत्त्व आले. वाशीम तालुक्यातल्या अनसिंगसारख्या गावात असा ट्रक क्वचितच दिसेल, पण त्यातले तंत्र तिथल्या शिवारात रोज राबते. ट्रॅक्टरची लिफ्ट, पलटी नांगर, सोयाबीनची पोती वाहणारी हायड्रॉलिक ट्रॉली ही सारी त्याच घराण्यातली.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. त्याच आधारावर जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. ट्रकमध्ये इंजिनावर चालणारा पंप तेलाच्या टाकीतले तेल ओढून पुढे ढकलतो. पंप दाब तयार करतो असे सर्रास म्हटले जाते, ते पूर्ण खरे नाही. पंप तेलाला फक्त वाहते करतो. त्या वाहण्याला ओझ्याचा अडथळा झाला की दाब चढतो. म्हणून कचऱ्याची रिकामी टाकी कमी दाबावर उचलली जाते आणि भरलेलीला जास्त दाब लागतो. अडथळा मर्यादेबाहेर गेला, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल त्याच्या टाकीकडे परत सोडतो. हा व्हॉल्व्ह नसता तर पाइप फुटले असते.

टाकी उचलणाऱ्या जॅकमधल्या दहा सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. त्यावर १५० बार दाब पडला, तर जॅक जवळपास १२ टन वजनाइतका जोर लावतो. जोर ठरतो दाबावर आणि पिस्टनच्या आकारावर, वेग ठरतो दर मिनिटाला किती तेल येते त्यावर.

ब्रशला मात्र जॅक पुरत नाही, तिथे हायड्रॉलिक मोटर लागते. तेल तिच्यातून जाताना आतले चक्र फिरवते. ही मोटर लहान असूनही मंद गतीत भरपूर पीळ देते. ब्रशखाली दगड अडकला तर दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ब्रश थांबतो. विजेच्या मोटरसारखी ती अडकून जळत नाही. ब्रशचा भार रस्त्यावर किती पडावा हेही ठरवावे लागते. तो जास्त पडला तर तारा लवकर झिजतात, कमी पडला तर कडेची माती तशीच राहते. काळ्या जमिनीची ओली माती टायरबरोबर डांबरावर येते आणि वाळल्यावर घट्ट चिकटते, तेव्हा हा हिशेब विशेष महत्त्वाचा.

या यंत्राचा खरा शत्रू म्हणजे ते स्वतः जी वेचते ती धूळ. पंप आणि व्हॉल्व्हमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. तेलात शिरलेले बारीक कण तिथे कानशीसारखे काम करतात. म्हणून परतीच्या वाटेवर फिल्टर असतो, आणि तो वेळेवर बदलणे हा नव्या पंपापेक्षा फार स्वस्त सौदा आहे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, फेसाळले तर पंप कुठून तरी हवा ओढतो आहे. पाइप जोडण्याआधी तोंड पुसणे एवढ्यानेही बरीच दुरुस्ती वाचते.

उचललेल्या टाकीखाली किंवा ट्रॉलीखाली टेकू लावल्याशिवाय शिरू नये. पाइप फुटला तर भार क्षणात खाली येतो. पाइपची बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. त्या छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे.