शिफ्ट सांभाळून शिकणाऱ्यांचे कुलगुरू

मे 2023 मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी प्रा. राम ताकवले गेले, तेव्हा त्यांच्यावरच्या बहुतेक मृत्युलेखांत पदांची एक माळ होती. 1978 ते 1984 पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, 1989 मध्ये नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे संस्थापक कुलगुरू, पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू, आणि मग महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएलचे मार्गदर्शक. पुण्याहून किंवा नाशिकहून पाहिलं तर ही चार वेगवेगळी कामं दिसतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून, जिथे ताकवल्यांनी कधी कुठलं पद भूषवलं नाही, तिथून पाहिलं की ती एकच दिसतात. विद्यापीठ म्हणजे वर्ग आणि वर्ग म्हणजे ठरलेली वेळ, हे समीकरण त्यांनी मोडलं आणि विद्यापीठाचा भार ‘केंद्र’ नावाच्या एका छोट्या, स्थानिक, बऱ्याचदा भाड्याच्या जागेतल्या घटकावर टाकला. त्यांच्या सुधारणेचं यश या केंद्रात आहे, आणि तिचं अपुरेपणही तिथेच आहे.

या पट्ट्याला महाविद्यालयांची वाण होती म्हणून मुक्त शिक्षण लागलं, असं समजणं चुकीचं ठरेल. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित वसवले गेले, 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं, आणि फाळणीत सगळं गमावून आलेल्या या समाजाने बारा वर्षांत स्वतःचं कॉलेज उभं केलं. 1961 मध्ये तलरेजा कॉलेज, 1965 मध्ये चांदीबाई कॉलेज. अंबरनाथ-बदलापूरची मुलं लोकलने तिथे येत राहिली, पुढे त्यांच्या गावांतही कॉलेजं निघाली. कमतरता इमारतींची नव्हती, वेळेची होती. शहाडची सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्को, मग एमआयडीसी, उल्हासनगरच्या कॅम्पांतले शिलाईचे आणि फर्निचरचे कारखाने, दुकानं, गाळे: इथला तरुण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कामाला लागतो. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, त्यानंतर नाइट. अशा माणसाला सकाळचं कॉलेजही उपयोगाचं नाही आणि रात्रीचंही नाही, कारण वर्गाची वेळ पक्की असते आणि त्याची फिरती. जो मुंबईत कामाला जातो त्याची गोष्ट थोडी वेगळी. बदलापूर सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवर आहे, आणि 2001 ते 2011 या दहा वर्षांत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 98 हजारांवरून पावणेदोन लाखांवर गेली. ही वाढ मुख्यतः मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांची. त्यांचे दिवसाचे तीन-चार तास गाडीतच जातात. पंच्याहत्तर टक्के उपस्थितीची अट अशा माणसाने पाळायची कशी, हा प्रश्न कुठल्याही पारंपरिक विद्यापीठाने गांभीर्याने घेतला नव्हता.

सोय अजिबात नव्हती असं नाही. आपल्या विद्यापीठांत ‘बहिःस्थ’ विद्यार्थी जुनाच आहे. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाचा पत्रद्वारा विभाग 1971 चा. पण बहिःस्थ विद्यार्थ्याशी विद्यापीठाचं नातं हॉल तिकिटापुरतं असे. पैसे भरा, गाइड मिळवा, परीक्षेला बसा. पत्रद्वारा शिक्षणात टपालाने नोट्स येत. त्या बहुतांशी वर्गात सांगितल्या जाणाऱ्या व्याख्यानाचंच टंकलिखित रूप असत, शिक्षक समोर आहे असं गृहीत धरून लिहिलेल्या. ताकवले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. पी. एस. पुराणिक यांच्यासह त्यांनी लिहिलेलं अभिजात यामिकीचं इंग्रजी पाठ्यपुस्तक देशभर वापरलं गेलं. शिक्षक जवळ नसताना पुस्तकाला एकट्याने उभं राहावं लागतं, हे अशा विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला जितकं कळतं तितकं प्रशासकाला कळत नाही, असं मला वाटतं. मुक्त विद्यापीठाचं कोणतंही जुनं पुस्तक उघडून पाहावं. धडे नाहीत, ‘घटक’ आहेत. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टं सांगितलेली, मजकूर लहान तुकड्यांत तोडलेला, मध्येच थांबवून विचारलेले स्वयं-अध्ययनाचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे दिलेली. भाषा कधी रूक्ष, छपाई साधी. पण रात्रपाळी करून आलेला माणूस अर्धा तास काढून एक तुकडा संपवू शकेल आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाऊ शकेल, अशी ती रचना आहे. दूरशिक्षणातला खरा फरक रेडिओ-टीव्हीने पडला नाही, या पानांच्या मांडणीने पडला.

त्याहून धाडसी गोष्ट होती प्रवेशाची. बारावी न झालेल्या, अगदी दहावीतच शाळा सुटलेल्या प्रौढाला ‘पूर्वतयारी’ अभ्यासक्रम करून पदवीला प्रवेश. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने हा दरवाजा 1971 मध्ये उघडला होता, आपल्याकडे आंध्रात 1982 मध्ये राम रेड्डींनी मुक्त विद्यापीठ काढलं होतं, तेव्हा कल्पना ताकवल्यांची स्वतःची नव्हे. पण मॅट्रिकच्या टक्क्यांवर माणसाची जन्माची किंमत ठरवणाऱ्या महाराष्ट्रात ती चालवून दाखवणं सोपं नव्हतं. यावरचा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे: दर्जा घसरतो. तो झटकून टाकण्यासारखा नाही. अभ्यासकेंद्रांवरच्या संपर्क सत्रांना रविवारी मोजकी माणसं येतात, कुठे कुठे ती कागदावरच होतात, अपेक्षित प्रश्नसंचावर परीक्षा निभावते, आणि खाजगी नोकरीच्या मुलाखतीत ‘मुक्त’ हा शब्द ऐकला की समोरच्याचा चेहरा बदलतो. हे सगळं खरं मानूनही आक्षेपात एक घोटाळा राहतो. दर्जा प्रवेशाच्या दारात ठरत नाही, बाहेर पडण्याच्या दारात ठरतो. बारावीचं बंधन पाळूनही नियमित बी.ए., बी.कॉम.चे वर्ग ओस पडतात आणि तिथलीही मुलं शेवटच्या महिन्यात त्याच प्रश्नसंचावर उत्तीर्ण होतात. त्यावर कुणी प्रवेश बंद करा म्हणत नाही. दर्जाची कसोटी दोघांनाही सारखी लावली तर मुक्त विद्यापीठाची बाजू तितकी लंगडी पडत नाही. या पदवीचा उपयोग मुख्यतः बढतीसाठी होतो, ज्ञानासाठी नाही, असंही नाक मुरडून म्हटलं जातं. नगरपालिकेतला शिपाई पदवी घेऊन लिपिक होत असेल किंवा अंगणवाडी सेविका मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसत असेल, तर त्यात कमीपणा कसला? नियमित कॉलेजातली मुलं तरी नोकरीचा विचार बाजूला ठेवून शिकत असतात का?

केंद्राची कल्पना सर्वांत लांब पोहोचली ती मात्र पदवीतून नाही, एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमातून. एमकेसीएलची स्थापना 2001 ची. विवेक सावंत यांनी ती कंपनी चालवली आणि ताकवल्यांचा विचार तिच्या पाठीशी होता. सरकारी संगणक केंद्रं बांधायची नाहीत, गल्लीतल्या संगणक क्लासवाल्यालाच अधिकृत केंद्र करायचं, अभ्यासक्रम व परीक्षा एकच ठेवायची, आणि प्रमाणपत्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं द्यायचं. उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या पूर्वेला-पश्चिमेला, बदलापुरात स्टेशनच्या दोन्ही बाजूंना हे फलक लागले. दहा-पंधरा पीसी, इन्व्हर्टर, रोज दोन तासांची बॅच, निम्मा वेळ शिकण्याचा आणि निम्मा हाताने करून पाहण्याचा. परीक्षा ऑनलाइन, निम्मे गुण कॉलेजच्या भाषेत सांगायचं तर ‘अंतर्गत’. सकाळी सातच्या बॅचला नोकरदार, दुपारी गृहिणी, संध्याकाळी दहावीची परीक्षा दिलेली पोरं. ज्या बाईने आयुष्यात कधी कॉलेजचं फाटक ओलांडलं नाही तिने या भाड्याच्या गाळ्यात माउस धरला. यावर सरळ टीका अशी की हे शिक्षण लोकांनी मागितलं नव्हतं, सरकारने लादलं. शासकीय नोकरीला एमएस-सीआयटीची अट आली, कर्मचाऱ्यांनी मुदतीत ती पूर्ण केली नाही तर वेतनवाढ रोखण्याची तरतूद झाली, म्हणून बॅचेस भरल्या. हे निखालस खरं आहे. सक्ती नसती तर प्रसाराचा वेग बराच कमी असता. पण सक्तीने भरलेल्या बॅचेसमुळेच गल्लीतलं केंद्र टिकलं, आणि ते टिकलं म्हणून ज्यांच्यावर सक्ती नव्हती त्यांनाही ते चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं. या दुसऱ्या वर्गाची गणती कुणी नीट केली नाही, आणि एमकेसीएलच्या कामाचं मूल्यमापन करणाऱ्यांनी ती करायला हवी होती.

एका बाबतीत मात्र ही सुधारणा या पट्ट्यात लंगडी ठरली, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नाशिकचं विद्यापीठ मनाने मराठी. त्याची पुस्तकं मुख्यतः मराठीतली, त्याचा नकाशा गावखेड्याचा. शेतीचे अभ्यासक्रम हे त्याचं भूषण. अंबरनाथच्या कामगाराला आणि बदलापूरच्या चाकरमान्याला ते आपलं वाटलं. उल्हासनगरात अडचण होती. कॅम्पातलं सिंधी घर व्यापारात आधीच मार्गी लागलेलं, त्याला पदवी हवी असली तर समाजाचं कॉलेज जवळ होतं आणि माध्यम इंग्रजी हवं होतं. जीन्सच्या कारखान्यांत काम करणारे तरुण उत्तर प्रदेश-बिहारचे, त्यांना मराठी घटक-पुस्तक काय कामाचं? वेळ ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्या कामगारापर्यंत पूर्वतयारीचा दरवाजा पोहोचलाच नाही. एमएस-सीआयटी मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होती, त्यामुळे तिला हा अडथळा तेवढा आला नाही. म्हणजे केंद्राची रचना बहुभाषिक शहरात चालू शकते, फक्त मजकूर त्या शहराच्या भाषांत हवा, हे एकाच गल्लीत दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं होतं. मुक्त विद्यापीठाने त्यातून काही घेतल्याचं दिसत नाही.

हे सगळं श्रेय एका माणसाला देणं अतिशयोक्तीचं, असंही कुणी म्हणेल. मुक्त विद्यापीठाचा कायदा 1989 मध्ये शरद पवारांच्या सरकारने केला, एमकेसीएल सावंतांनी वाढवली, केंद्रं तर शेकडो लहान व्यावसायिकांनी स्वतःच्या पैशाने उभी केली. मान्य. संस्थापक कुलगुरू एकटा काही बांधत नाही. पण आपल्याकडे कुलगुरू पाच-सहा वर्षांनी पद सोडतात आणि सत्काराच्या शाली घेऊन घरी जातात. आधीच्याची कल्पना पुढचा गुंडाळून ठेवतो. ताकवल्यांनी पुण्यातलं कुलगुरुपद संपल्यावर पुढची तीसेक वर्षं एकाच कल्पनेचा पिच्छा पुरवला, संस्था बदलल्या तरी. त्यांचा वाटा एवढाच, आणि तो थोडा नाही.

चूक शोधायची तर ती त्यांनी जे केंद्र उभं केलं त्याच्या जबाबदारीत शोधावी लागते. विद्यार्थी नीट शिकला नाही तर जाब कुणाला विचारायचा: नाशिकला, केंद्र चालवणाऱ्या कॉलेजला, की रविवारी येणाऱ्या मानधनावरच्या सल्लागार प्राध्यापकाला? याचं उत्तर रचनेत कधीच स्पष्ट नव्हतं. फीचा हिशेब स्पष्ट होता, शिकवण्याचा नव्हता. आणि ज्या तंत्राने विद्यापीठ गल्लीत नेलं, त्याच तंत्राने पुढे निर्णय मात्र वर नेले. मुंबई महानगर परिसरात 2009 पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले ते एमकेसीएलच्याच यंत्रणेवर. मुंबई विद्यापीठाच्या प्रवेशपूर्व नोंदणीचाही काही वर्षं तोच मार्ग होता. सर्व्हर बंद पडला की बदलापूरच्या पालकाला कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून एवढंच सांगू शकत असे की आमच्या हातात काही नाही. वशिलेबाजी कमी झाली, हा फायदा मोठा होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण खिडकीवरच्या माणसाचा अधिकार गेला तो कुठल्या केंद्राकडे गेला नाही.

आता 2024-25 पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं आहे. श्रेयांकांची बँक, मध्येच बाहेर पडून पुन्हा आत येण्याची मुभा, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक: मुक्त शिक्षणवाले दशकानुदशकं जे मागत होते त्यातलं बरंच काही नियमित पदवीत शिरलं आहे. त्यामुळे तलरेजा-चांदीबाईची मुलं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’साठी जागा शोधत अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटवर अर्ज घेऊन जाऊ लागली, तर नवल नाही. त्याच गेटातून रोज आठ तास आत जाणारा आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर बी.कॉम.चं पुस्तक घेऊन बसणारा माणूसही तिथेच आहे. त्याच्या त्या आठ तासांचे श्रेयांक किती धरायचे आणि ते कुणी मोजायचे, हा प्रश्न आता नाशिकने आणि कलिन्याच्या मुंबई विद्यापीठाने मिळून सोडवायचा आहे.