इंजिनाच्या घासात पेट्रोल किती?

घरातल्या गॅसच्या शेगडीची ज्योत तुम्ही रोज पाहता. ती निळी असली की तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण ती पिवळी होऊन पातेल्याचे बूड काळे होऊ लागले, की शेगडी दुरुस्त करणाऱ्याला बोलावणे जाते. तो बर्नर साफ करतो, हवेची वाट मोकळी करतो आणि ज्योत पुन्हा निळी होते. गॅस तोच असतो. बदलते ते त्याच्याबरोबर जाणाऱ्या हवेचे प्रमाण. (हा उद्योग तुम्ही स्वतः करू नका. जाणकारालाच करू द्या.)

पेट्रोलच्या इंजिनाचेही असेच आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. आता थोडे गणित करू. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते. त्याला हवा लागेल जवळजवळ ११ किलोग्रॅम. आपल्याकडच्या उबदार हवेचा एक घनमीटर सुमारे १.१६ किलोग्रॅम भरतो. म्हणजे एका लिटर पेट्रोलला हवा लागते सव्वानऊ ते साडेनऊ घनमीटर! डोंबिवलीतील एखादी दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोली घ्या. तिच्यातली सगळी हवा वापरली, तरी तीन लिटर पेट्रोलदेखील पुरते जळणार नाही. इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण त्याचे मुख्य अन्न हवाच आहे. पेट्रोल हे तोंडी लावणे!

या प्रमाणापेक्षा पेट्रोल अधिक झाले तर मिश्रण 'रिच' झाले म्हणतात आणि हवा अधिक झाली तर 'लीन'. ठाण्यात किंवा कल्याणला एखाद्या जुन्या गॅरेजात जाऊन पाहा. मेकॅनिक कार्ब्युरेटरच्या स्कूटरचा प्लग काढून त्याचा रंग पाहतो. प्लग काजळीने काळा झाला असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढुरका पडला असेल, तर हवा जास्त आहे. बिस्किटासारखा तपकिरी असेल, तर ठीक. मग तो स्क्रू अर्धा-पाव फेरा फिरवतो. एप्रिल २०२० पासून नव्या दुचाकींना बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून त्यांपैकी बहुतेकींत हे काम संगणक आणि प्राणवायूचा संवेदक करतात.

स्कूटर बंद पडली, तर ती ढकलत गॅरेजपर्यंत नेता येते. विमान ढकलता येत नाही. म्हणूनच विमानाच्या इंजिनात हा हिशोब फार काटेकोर ठेवावा लागतो. आणि विमान घरी बांधलेले असेल, तर तो हिशोब बांधणाऱ्यालाच करावा लागतो.

घरी बांधलेले विमान ही थट्टा नव्हे. मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात अशी विमाने पुष्कळ आहेत. त्यांतल्या काही हौशी मंडळींनी आपल्या विमानात माझदा या जपानी कंपनीच्या मोटारीचे 'रोटरी' इंजिन बसवले आहे.

दट्ट्यावाचून इंजिन

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये खालीवर होतो. रोटरी इंजिनात दट्ट्याच नसतो. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरून बनलेले हे इंजिन १९५७ साली प्रथम चालले. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखी, मध्ये किंचित चिमटलेली एक पोकळी असते. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोके भिंतीला सतत चिकटून असतात. त्यामुळे पोकळीचे तीन कप्पे होतात. त्रिकोण फिरला की प्रत्येक कप्पा आळीपाळीने मोठा आणि लहान होतो. मोठा होताना तो हवा व पेट्रोल आत ओढतो, लहान होताना ते दाबतो. मग ठिणगी पडते, तापलेला वायू फुगून त्रिकोणाला ढकलतो आणि शेवटी जळका वायू बाहेर जातो. त्रिकोणाचा एक फेरा होतो तेव्हा दांड्याचे तीन फेरे होतात. म्हणजे दांड्याच्या दर फेऱ्याला एका त्रिकोणाचा एक घास ठरलेला.

माझदाच्या १३बी इंजिनात असे दोन त्रिकोण आहेत आणि प्रत्येक घास ६५४ घनसेंटिमीटरचा आहे. तेवढ्या हवेचे वजन सुमारे पाऊण ग्रॅम. तेरास एक असे प्रमाण धरले, तर पेट्रोल लागेल ०.०५८ ग्रॅम. आकारमानाने हे पाण्याच्या सुमारे दीड थेंबाइतके झाले. दांडा मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक त्रिकोणाला सेकंदाला शंभर वेळा हा दीड थेंब मिळाला पाहिजे. एक षष्ठांश थेंबाची चूक झाली, तर मिश्रण दहा टक्क्यांनी बिघडले!

या इंजिनात चूक महागही पडते. त्रिकोणाच्या टोकांवर धातूच्या बारीक पट्ट्या असतात. कप्पे एकमेकांपासून बंद ठेवण्याचे काम त्या करतात. पूर्ण शक्ती घेताना मिश्रण लीन राहिले, तर ते शांतपणे न जळता एकदम भडकू शकते. या धक्क्याने पट्टी तुटली की त्या त्रिकोणाची शक्ती गेली. म्हणून उड्डाणाच्या वेळी मिश्रण मुद्दाम रिच ठेवतात. जादा पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता शोषते आणि इंजिनाचा आतला भाग थोडा थंड राहतो.

उंचीचा खेळ

मग एकदा प्रमाण बसवले की काम संपले का? नाही. विमान वर जाते आणि वर हवा विरळ असते.

कल्याणहून मुरबाडमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता माळशेज घाट चढतो. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. तिथे हवेची घनता साडेसहा टक्क्यांनी कमी होते. १,८०० मीटरवर ती सुमारे १६ टक्क्यांनी आणि ३,००० मीटरवर सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते. इंजिनाचा घास तेवढाच राहतो, पण त्यातली हवा वजनाने कमी भरते.

मग पेट्रोलही आपोआप तेवढेच कमी होत नाही का? कार्ब्युरेटरमध्ये होते, पण पुरेसे नाही. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. हा बर्नुलीचा नियम. या दाबाच्या फरकामुळे पेट्रोल ओढले जाते. वेग तोच राहिला, तर दाबाचा फरक हवेच्या घनतेच्या प्रमाणात कमी होतो. पण पेट्रोलचा प्रवाह त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून ३,००० मीटरवर हवा २६ टक्क्यांनी घटते, तर पेट्रोल फक्त १४ टक्क्यांनी. खाली १३ असलेले प्रमाण वर ११.२ होते. म्हणजे मिश्रण फाजील रिच झाले. इंजिन धूर सोडू लागते, प्लग काळे पडतात, पेट्रोल वाया जाते आणि शक्ती घटते. यासाठी विमानात वैमानिकाच्या हाताशी मिश्रणाची वेगळी दांडी असते.

उंचीप्रमाणे उष्णताही हवा विरळ करते. १५ अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा ४० अंशांची हवा आठ टक्क्यांनी विरळ असते. मे महिन्यातल्या अशा दुपारी कल्याणात उभे असलेले इंजिन, हवेच्या दृष्टीने, जागच्या जागी माळशेज चढून गेलेले असते!

जुळवणी कशी करतात?

घरी विमान बांधणारा आता बहुधा कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलचा फवारा सोडणारी विजेवर चालणारी यंत्रणा वापरतो. आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान मोजून लहानसा संगणक घासातल्या हवेचे वजन काढतो. बॉइल आणि चार्ल्स यांचे पाठ्यपुस्तकातले नियमच तो वापरतो. मग कोष्टकात पाहून फवारा किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. हे कोष्टक भरणे म्हणजेच जुळवणी.

प्रथम विमानाच्या चाकांना उटी लावून ते खुंट्याला पक्के बांधतात. इंजिन एका वेगावर स्थिर ठेवून नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूतील प्राणवायू मोजतात. प्राणवायू जास्त उरला तर मिश्रण लीन. मग कोष्टकातला आकडा थोडा वाढवतात. असे एकेका वेगासाठी आणि एकेका दाबासाठी करीत जातात. काम कंटाळवाणे खरे, पण एकही घर रिकामे ठेवून चालत नाही. न तपासलेल्या घरातच इंजिन अडखळायचे!

या संवेदकाचा एक शत्रू आहे, तो म्हणजे शिसे. विमानाच्या बऱ्याच पेट्रोलमध्ये अजूनही शिशाचे संयुग असते आणि त्याने संवेदक लवकर निकामी होतो. म्हणून दुसरा साक्षीदारही ठेवतात. बाहेर पडणाऱ्या वायूत दोन धातूंच्या तारांचे तापयुग्म बसवतात. मिश्रण रिचकडून हळूहळू लीन करीत गेले, तर हे तापमान आधी वाढते, एका शिखराला पोचते आणि मग उतरू लागते. शिखराच्या एका बाजूला न जळलेले पेट्रोल उष्णता खाते आणि दुसऱ्या बाजूला जादा हवा. एकदा शिखर सापडले की आपण कोणत्या बाजूला आहोत ते कळते. जास्तीत जास्त शक्ती शिखराच्या रिच बाजूला मिळते, तर पेट्रोलची काटकसर लीन बाजूला साधते.

जमिनीवरचे आकडे आकाशात जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही. म्हणून पहिली उड्डाणे धावपट्टीच्या आसपासच करतात. इंजिन थांबले तरी तरंगत परत येता आले पाहिजे.

ही काळजी किती जुनी आहे पाहा. पहिल्या महायुद्धातही 'रोटरी' नावाची इंजिने होती. मात्र ती निराळी. त्यांत दट्टे असत आणि पंख्याबरोबर सगळी सिलिंडरेच गरगर फिरत. १९१७ साली लढाईत उतरलेल्या ब्रिटिशांच्या सॉपविथ कॅमल विमानात असे इंजिन असे. जमीन सोडल्यावर वैमानिकाने मिश्रण वेळेवर लीन केले नाही, तर ते गुदमरून बंद पडे. ऐन चढणीत इंजिन थांबल्यामुळे कित्येक शिकाऊ वैमानिक प्राणाला मुकले.

नगरची कामगिरी

माळशेजच्या रस्त्याने पुढे गेलात, की अहमदनगर येते. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर आहे. तिथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. 'निशांत' या वैमानिकरहित विमानाला पूर्वी परदेशी वांकेल इंजिन असे. त्याच्या जागी भारतीय इंजिन बनवण्याचे काम तीन संस्थांनी वाटून घेतले. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने इंजिनाचा गाभा घडवला. पोकळीच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा कठीण लेप होता. नगरच्या संस्थेने ठिणगीची आणि इंधनाची यंत्रणा बनवली. उड्डाणाच्या चाचण्या बंगळुरूच्याच वैमानिकी विकास संस्थेने केल्या.

एप्रिल २००९ मध्ये कर्नाटकात कोलारजवळ हे सुमारे ३० किलोग्रॅमचे इंजिन निशांतला घेऊन उडाले. विमान १.८ किलोमीटर उंचीवर गेले आणि एकूण ४० मिनिटांनी सुखरूप उतरले. निशांतची योजना पुढे २०१५ मध्ये थांबली. पण त्या उड्डाणात वर चढताना हवा विरळ होत होती आणि मिश्रणाची दांडी हलवायला विमानात कुणी बसलेले नव्हते, हे लक्षात घ्या. नगरला बनलेल्या यंत्रणेला ते काम आपले आपण करायचे होते.

आता तुमच्यासाठी एक गणित. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे आणि तिथे हवेची घनता १२ टक्क्यांनी कमी असते. ठाण्यात १३ या प्रमाणावर बसवलेली कार्ब्युरेटरची जुनी स्कूटर तिथे गेली, तर प्रमाण किती होईल? ०.८८ चे वर्गमूळ काढा आणि त्याने १३ ला गुणा. उत्तर १२.२ च्या जवळ आले, तर तुम्हाला वर्गमुळाचा मुद्दा समजला. स्क्रू कोणत्या दिशेला फिरवायचा, पेट्रोल कमी करण्याकडे की वाढवण्याकडे, हे मात्र तुम्हीच सांगा.